गुन्हा आणि मन, दोन्ही शिकवायचंय? या चुका टाळा

शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी मी एलएलबीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं होतं, 'वेडसरपणा सिद्ध झाला की आरोपी सुटतो.' मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. चार वर्षांनी त्यातलाच एक मुलगा नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात दिसला, काळ्या कोटात. पक्षकाराच्या भावाला तो सांगत होता, "मनोरुग्णालयाची फाइल आहे न भाऊ, मग टेन्शन नको घेऊ." ते माझंच वाक्य होतं. त्या भावाचा चेहरा सैल झालेला मी पाहिला आणि तिथून पुढे पाय उचलेना.

या विषयात वर्गातली चूक उत्तरपत्रिकेवर थांबत नाही. ती वकीलपत्रात जाते, पोलीस ठाण्याच्या डायरीत जाते, तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये जाते. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, आणि त्यातलं मनःस्वास्थ्य शिकवण्यात करिअर करायचं म्हणून दरवर्षी दोन-चार मुलंमुली मला विचारायला येतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

जाहिरात न वाचताच एमए निवडणं

नागपुरात हा विषय एका छताखाली नाही. कायद्याच्या महाविद्यालयात तो फौजदारी कायद्याच्या अंगाने येतो, मानसशास्त्राच्या विभागात एखाद्या पेपरातून, समाजकार्यात सुधारात्मक सेवांच्या वाटेने, आणि शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत पुराव्याच्या बाजूने. म्हणजे शिकवायचा विषय एकच असला तरी नोकरीची दारं चार आहेत, आणि प्रत्येक दारावरची पाटी वेगळी.

मुलं आवडीने क्रिमिनॉलॉजीत एमए करतात आणि मग कळतं की जाहिरातीत 'एलएलएम' (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा 'एमएसडब्ल्यू' (समाजकार्यातली) लिहिलंय. नेट म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यात क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा क्रमांक 68. मानसशास्त्र 04, समाजकार्य 10, विधी 58, न्यायसहायक विज्ञान 82. आधी ज्या शहरांत राहायची तयारी आहे तिथल्या मागच्या तीन-चार वर्षांच्या सहायक प्राध्यापकपदाच्या जाहिराती जमवा. कोणती पदवी मागितली आणि नेट कोणत्या विषयातली चालते ते एका वहीत लिहा. पदव्युत्तरचा अर्ज त्यानंतर भरा. चुकीची पदवी आधीच हातात असेल तर हात वर करू नका. जाहिरातीतल्या 'संबंधित विषय' या दोन शब्दांत किती जागा आहे ते विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालेल' मुलाखतीच्या टेबलावर चालत नाही.

आणि आधी पीएचडी की आधी नेट, हा घोळ घालू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, किंवा राज्य पातळीवरची सेट किंवा स्लेट, ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. आधी नेट.

आजार आणि कायद्यातला वेडेपणा एकच समजणं

माझी स्वतःची चूक ती हीच, म्हणून इथे थोडी जास्त थांबते.

डॉक्टरच्या कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिलाय म्हणून न्यायालय कुणाला सोडत नाही. इंग्लंडमधल्या 1843 च्या मॅकनॉटन खटल्यातून निघालेली कसोटी आपल्या दंड संहितेत कलम 84 म्हणून आली. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 22 आहे. कायदा विचारतो ते एवढंच: ते कृत्य करताना, त्या वेळी, मनाच्या विकलतेमुळे या माणसाला आपण काय करतोय ते कळत नव्हतं का, किंवा ते चूक आहे, कायद्याविरुद्ध आहे, हे कळत नव्हतं का? आजार आधी होता, नंतरही होता, पण त्या वेळी समज शाबूत होती, तर हा बचाव टिकत नाही. दाह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य या 1964 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं की सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे, पण तो दिवाणी दाव्यासारखा, शक्यतेच्या पारड्यावर तोलायचा. शिवाय तेवढं सिद्ध झालं नाही तरी हेतूबद्दल वाजवी संशय उभा राहिला, तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. मुलांना पहिलं वाक्य आठवतं, दुसरं कुणी सांगितलेलंच नसतं.

आता मी फळ्यावर एक आडवी रेघ ओढते आणि तिच्यावर चार तारखा मांडते: गुन्ह्याची, अटकेची, खटल्याची, शिक्षेनंतरची. प्रत्येक तारखेखाली प्रश्न वेगळा. गुन्ह्याच्या तारखेखाली कलम 22. अटकेखाली, या माणसाला आत्ता उपचार हवेत का? खटल्याच्या तारखेखाली, आपल्यावर काय आरोप आहे आणि वकिलाला काय सांगायचं हे त्याला कळतंय का? फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हा भाग कलम 367 पासून सुरू होतो. आणि शेवटच्या तारखेखाली, शिक्षा भोगताना जडलेल्या आजाराचं काय? 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे एका कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलली. त्या निकालात त्याचं नाव छापलेलं नाही. तो 'आरोपी एक्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणूनच ओळखला जातो, कारण मनोरुग्णाची गुप्तता राखायची होती. मुलं नाव शोधायला लागतात, तेव्हा मी त्यांना थांबवते.

या चार प्रश्नांची सरमिसळ झाली की काय होतं ते बघायचं तर आसामच्या मचांग लालुंग यांचं प्रकरण वर्गात घ्या. 1951 मध्ये अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. 1967 मध्ये ते बरे असल्याचं सांगितलं गेलं, तरी घरी न पाठवता तुरुंगात टाकलं. सुटले 2005 मध्ये. खटला चाललाच नाही, आणि चौपन्न वर्षं गेली. 'खटल्यास असमर्थ' हा शेरा म्हणजे निकाल नव्हे, ठरावीक काळाने पुन्हा तपासायची ती स्थिती आहे. एवढी गोष्ट विद्यार्थ्याच्या मनात रुजली तरी त्या वर्षाचं शिकवणं कारणी लागलं असं मी मानते.

आणि 'सुटतो' हा शब्द काढूनच टाका. या कारणाने निर्दोष ठरलेला माणूस त्या दिवशी घरी जातोच असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 374 खाली न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगू शकतं किंवा नातेवाइकांच्या हवाली करू शकतं. तो मुलगा वकील त्या भावाला हे सांगू शकला नाही, कारण मी ते त्याला शिकवलं नव्हतं.

'मनोरुग्ण म्हणजे धोकादायक' हे नकळत शिकवणं

प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळचा चौक नागपुरात आजही 'पागलखाना चौक' आहे. ऑटोवाल्याला तसंच सांगावं लागतं. मुलं तो शब्द घेऊनच वर्गात येतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण मग आपण पहिल्याच तासाला एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन डॉक्टर लोम्ब्रोसोचा 'जन्मजात गुन्हेगार' दाखवतो, दुसऱ्याला सिरियल किलरची स्लाइड, आणि मनातलं ते चित्र पक्कं करून टाकतो. इतिहास म्हणून लोम्ब्रोसो शिकवा, पण त्याच तासात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदाही शिकवा. अख्ख्या जमातीला जन्माने गुन्हेगार ठरवलं की काय होतं हे विदर्भातल्या पारध्यांनी भोगलंय. तो कायदा 1952 मध्ये गेला, नजर अजून गेलेली नाही.

आकड्यांचीही अशीच गफलत होते. फझल आणि दानेश यांनी 2002 मध्ये बारा देशांतल्या 62 पाहण्या एकत्र केल्या, त्यात पुरुष कैद्यांपैकी 3.7 टक्क्यांना सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा आजार) आणि 10 टक्क्यांना मोठं नैराश्य आढळलं. विद्यार्थी हे वाचून म्हणतात, "बघा मॅडम, आजारी लोक गुन्हे करतात." आकडा तसं म्हणत नाही. आजार आधीचा होता की तुरुंगात आल्यावर जडला, हे त्यातून कळत नाही. त्या पाहण्या बहुतांशी पाश्चात्त्य देशांतल्या आहेत. आपल्या तुरुंगांत साधारण तीन चतुर्थांश लोक अजून कच्चे कैदी आहेत, आणि तारखेची वाट बघणं हाच तिथे एक ताण असतो.

एक उदाहरण मी दरवर्षी घेते, विशेषतः समोर पोलीस अंमलदार असले की. रोज दारू पिणारा माणूस सोमवारी अटक झाला. बुधवारी रात्री त्याचे हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय म्हणून तो दार बडवतो. लॉकअपमधला शिपाई म्हणतो, "नाटकं करून राहिला." हे नाटक नाही आणि मूळचा वेडेपणाही नाही. अचानक दारू तुटल्यावर दोन ते चार दिवसांत होणारा हा भ्रम आहे, त्यात जीव जाऊ शकतो. लगेच दवाखाना गाठायचा. एका प्रशिक्षणात हे सांगून झाल्यावर एक हवालदार उठून उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मॅडम, हे आधी माहीत असतं तर." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्याच तासाला 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 100 वाचून दाखवा. रस्त्यावर भटकणारा आजारी माणूस पोलिसांनी संरक्षणात घेतला तर चोवीस तासांच्या आत त्याला सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नसतं.

मागच्या पिढीच्या नोट्स

1987 चा मानसिक आरोग्य कायदा गेला. 2017 चा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. तरी झेरॉक्सच्या दुकानात जुन्याच नोट्स मिळतात. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर जुन्या दंड संहितेचं 'कलम 309' असं अजून शिकवलं जातं. नव्या न्याय संहितेत तो सर्वसाधारण गुन्हा नाही. लोकसेवकाला त्याच्या अधिकृत कामापासून रोखण्यासाठी किंवा तसं काम करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम 226 मध्ये आहे. आणि 2017 च्या कायद्याचं कलम 115 तर असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं. मात्र 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, तेव्हा काही वर्षं दोन्ही क्रमांक शिकवावेच लागणार.

न तपासता निदान करणं

शहरात एखादा भीषण खून झाला की वार्ताहराचा फोन येतो, "मॅडम, आरोपीची मानसिकता काय असेल?" नाही म्हणा. न भेटलेल्या माणसाचं निदान करता येत नाही, आणि तुमचं छापून आलेलं वाक्य त्याच्या खटल्याआधीच शहरभर पोचतं. त्याऐवजी कायद्याची प्रक्रिया समजावून सांगा, ती तुम्हाला येते. तसंच समुपदेशनाचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. क्रिमिनॉलॉजीच्या पदवीने ती मिळत नाही.

सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, घासणाऱ्यांना एकच सांगते. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. यूजीसीने 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीच बंद केली, त्यामुळे 'यादीतलं आहे' हा आधारही राहिला नाही. एक खरा निबंध, दोन वर्षं लागली तरी.

तुरुंगाकडे 'डेटा' म्हणून बघणं

वर्धा रोडवरून जाताना मध्यवर्ती कारागृहाची भिंत सगळ्यांनी पाहिलेली असते. पीएचडीचा विषय सुचतो तोही तिथूनच: 'नागपूर कारागृहातील बंद्यांचं मनःस्वास्थ्य'. आराखडा मंजूर होतो, प्रश्नावली छापून येते आणि मग कळतं की परवानगी कारागृह विभागाच्या पुण्यातल्या मुख्यालयातून लागते. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरीही हवी, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैदी असुरक्षित गटात धरलेले आहेत. या दोन कागदांना महिने लागतात. ते धरूनच वेळापत्रक करा. परवानगी अडली तर सुटून आलेल्यांशी, कुटुंबांशी, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी बोलूनही चांगलं काम होतं.

परवानगी मिळाल्यावरची चूक जास्त मोठी असते. माझ्या पहिल्या मुलाखती एका तुरुंगात होत्या. मोबाईल गेटवर जमा, रजिस्टरमध्ये सही, मग एक खोली, टेबल, दोन खुर्च्या आणि दाराशी शिपाई. इंग्रजी चाचणीचा घाईत केलेला मराठी तर्जुमा मी वाचत होते आणि समोरचा विशी-बाविशीचा मुलगा प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणत होता. झोप लागत नाही? हो. झोप चांगली लागते? हो. तो दाराकडे बघून उत्तरं देत होता. शेवटी मी पेन खाली ठेवलं तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मॅडम, याच्यानं माही तारीख लवकर लागन का?"

संमतीच्या कागदावर त्याची सही होती. पण त्याने सही केली होती ती तारखेसाठी. ती मुलाखत मी फाडली, तर्जुमा बाजूला ठेवला आणि प्रश्न पुन्हा मराठीत, तिथे बोलतात त्या मराठीत, बांधायला घेतले. शिपायाला नजरेपुढे पण कानाआड बसवता येईल का, हे अधीक्षकांना अर्जातच विचारायला लागले. आता माझे विद्यार्थी संमतीपत्र वाचून दाखवतात तेव्हा पहिलंच वाक्य असतं, "याचा तुमच्या तारखेशी काही संबंध नाही. बोललात तरी नाही, नाही बोललात तरी नाही." काही जण तिथेच उठून जातात. आम्ही त्यांना जाऊ देतो.