पऱ्हाटीला (कपाशीला) भेंडीची पानं आली? आधी पंप आठवा

मागच्या जुलैत एका शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, पऱ्हाटीले वायरस लागला." जाऊन पाहिलं. शेंड्याची पानं अरुंद, बोटं फाकल्यासारखी, शिरा जवळजवळ समांतर, थेट भेंडीच्या पानागत. खालची जुनी पानं मात्र ठणठणीत. कृषी केंद्रवाल्याने टॉनिक, बुरशीनाशक आणि 'वायरसचं औषध' अशा तीन बाटल्या आधीच गळ्यात मारल्या होत्या.

मी धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, तासं (कपाशीच्या ओळी) मोजत निघालो. पहिल्या दहा-बारा तासांत झाडन् झाड वाकडं, पुढच्या तेवढ्याच तासांत कमी, त्यापुढे नावालाच. म्हणजे दर पंपागणिक नुकसान घटत गेलेलं. वायरस काही पंप मोजून लागत नाही. विचारलं, मावा-तुडतुड्याचा फवारा कोणत्या पंपाने मारला? साळ्याच्या. त्याने त्यात आधी काय भरलं होतं? धुऱ्यावरच्या तणासाठी 2,4-डी.

"पण म्या पंप खंगाळला होता ना!"

खंगाळून भागत नाही. 2,4-डी रुंद पानाच्या तणांवर चालतं. गहू, धान, ज्वारी ते पचवतात, कपाशी मात्र त्याला कमालीची हळवी. टाकीच्या तळाला, नळीत, गाळणीत, वायसरच्या रबरात राहिलेलं थोडंसं औषधही तिला पुरतं. बिघाड लगेच दिसत नाही. आठवडाभराने नवी पानं फुटतात तेव्हा कळतं, आणि तोवर आपण फवारा विसरलेलो असतो. चोरबीटी (तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं) लावणाऱ्यांनी तर कान उघडे ठेवावेत. ते बियाणं ग्लायफोसेट सोसतं, 2,4-डी नाही. "आमच्या पऱ्हाटीवर कोणतंही तणनाशक चालते" असं पारावर ऐकलं की मला घाम फुटतो.

म्हणून तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. नवीन घ्यायची गरज नाही, जुना हातपंप दुरुस्त करा, त्याला लाल रंगाचा पट्टा मारा आणि कोणी मागितला तरी कीटकनाशकासाठी देऊ नका. दुसरा पंप नसेलच तर साध्या पाण्याने तीनदा धुवा, मग धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून लान्समधूनही (फवारायच्या दांडीतूनही) थोडं सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी नोझल, गाळणी, वायसर काढून पुन्हा तीनदा धुवा. ते पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा गुरांच्या हौदाशी ओतायचं नाही.

माझी एक सवय सांगतो, पुस्तकात नाही. धुतलेल्या पंपात साधं पाणी भरून टमाट्याच्या, म्हणजे आपल्या भेदराच्या, दोन-तीन रोपांवर मारतो आणि दोन-तीन दिवस वाट पाहतो. शेंडा पिळला तर पंप परत सोड्यात.

दुसरा मार्ग वाऱ्याचा. शेजारच्या शेतात 2,4-डी मारताना वारा तुमच्याकडे असेल तर धुऱ्यालगतची तासं जातात आणि आत नुकसान कमी होत जातं. ईथाइल ईस्टर प्रकारचं 2,4-डी उन्हात वाफ होऊनही सरकतं. कपाशीच्या शिवारात हे औषध नकोच, आणि शेजाऱ्याला आधीच, गोडीत, सांगून ठेवा.

बिघाड झालाच तर वाकडे शेंडे चार-सहा इंच खुडा, 2 टक्के युरिया (10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम) फवारा, डवरणी द्या, म्हणजे ओळींमधून डवरा (बैलाची कोळपणी) फिरवा. फवारा स्वच्छ पंपानेच, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. मार हलका असेल तर झाड नवी फांदी धरतं. जास्त असेल तर कोणतंही टॉनिक ते परत आणत नाही. त्या शेतकऱ्याच्या दोन बाटल्या सीलबंद होत्या, त्या परत करायला लावल्या.

तणनाशकाची बाकीची कामं, एकरी (ईसी, एसएल हे बाटलीवर लिहिलेले औषधाचे प्रकार):
– सोयाबीन, पेरणीनंतर 48 तासांत, उगवणीआधी: पेंडीमिथॅलिन 30 ईसी, 1 ते 1.3 लिटर
– सोयाबीन, 15 ते 20 दिवसांनी: इमॅझेथापायर 10 एसएल, 400 मिली
– कपाशीत रुंद पानाचं तण: पायरिथायोबॅक सोडियम 10 ईसी, 250 ते 300 मिली
– दोन्हींत अरुंद पानाचं तण: क्विझालोफॉप इथाइल 5 ईसी, 400 मिली
– पाणी 200 लिटर, म्हणजे 400 मिलीच्या औषधाचं 15 लिटरच्या पंपाला 30 मिली
– तण दोन ते चार पानांचं, जमिनीत ओल, नोझल फ्लॅट फॅन
– हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. यवतमाळचं 2017 आठवा, फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले होते.

दुकानदाराचं 'थोडं वाढवून टाका' ऐकू नका, सोयाबीन पिवळं पडून थबकतं. केना हे तण चार पानांपुढे गेलं की माझा भरवसा औषधापेक्षा डवऱ्यावर आणि निंदणावर. सध्या उघाड मिळेल ती दोन-तीन दिवसांची. सकाळी वारा पडलेला असताना उरका, आभाळ दाटलं असेल तर थांबा. ग्लायफोसेट पडीक जागेतच, आणि नाल्याच्या गढूळ पाण्यात कधीच नाही, मातीचे कण त्याला धरून ठेवतात.

घरच्या परसात मात्र काहीच मारू नका. मोगरा, वांगी, कढीपत्ता एकमेकांना खेटून असतात. खुरपं घ्या, वर पालापाचोळा पसरा. फरशीच्या फटीतल्या गवतावर उकळतं पाणी ओता.

आणि या आठवड्यात पंप उसना आणणार असाल, तर दारातच विचारा, याच्यात शेवटचं काय भरलं होतं? समोरचा डोकं खाजवायला लागला तर रिकाम्या हाताने परत या.