मुलांच्या प्लास्टिक सर्जरी वॉर्डात नवीन आहात? या चुका टाळा

या पोस्टिंगला येणाऱ्या नव्या रेसिडेंटला टाक्यांची काळजी असते. मुलांच्या वॉर्डात मी पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या चुका बहुतेक सुरीच्या नव्हत्याच. त्या मोजण्याच्या आणि बघण्याच्या होत्या, आणि सीनियर येईपर्यंतच्या तासाभरात झालेल्या होत्या.

म्हणून आधी वजन. आईने सांगितलेलं नको, काट्यावरचं हवं. पुढचं सगळं त्याच आकड्यावर उभं राहतं.

भाजलेलं मूल

थंडीतली सकाळ, आंघोळीच्या कढत पाण्याची बादली, दीड वर्षाचं मूल. हा प्रसंग तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. इथे मोठ्यांचा नऊचा नियम (शरीराचे ९-९ टक्क्यांचे भाग धरून किती भाजलं ते मोजणं) लावू नका. मोठ्या माणसाचं डोकं ९ टक्के, तर वर्षाच्या बाळाचं जवळपास १८. पाय मात्र प्रत्येकी १४ च्या आसपास. लंड-ब्राउडरचा तक्ता (वयानुसार प्रत्येक अवयवाचे टक्के देणारा) कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावून ठेवा. हाताच्या मापाने मोजायचं असेल तर बोटांसकट तळहात म्हणजे १ टक्का, पण तो त्या मुलाचा तळहात, तुमचा नव्हे. नुसती लाल झालेली कातडी मोजायची नाही. हळद, टूथपेस्ट, शाई लावून आणलेलं असतं. ते धुतल्याशिवाय आकडा लिहू नका. अपघाताला तीन तास झाले नसतील तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, बाकीचं अंग मात्र उबदार ठेवा. मूल फार लवकर गार पडतं.

आता सलाईन. १० किलोचं मूल, १५ टक्के भाजलेलं. किलोमागे, दर टक्क्याला ३ मिली या हिशेबाने २४ तासांचं रिंगर लॅक्टेट ४५० मिली, त्यातलं निम्मं, म्हणजे २२५ मिली, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे. आठ वाजता भाजलेलं मूल अकराला पोचलं, तर हातात पाचच तास उरतात. म्हणजे ताशी ४५ मिली. आठने भागाल तर २८ येतात, आणि मूल संध्याकाळपर्यंत सुकत जातं. शिवाय रोजची गरज वेगळी, ताशी ४० मिली, ग्लुकोज असलेलं. ती विसरली की साखर उतरते आणि मूल पेंगायला लागतं. पुढचा निर्णय लघवीवर घ्या: ताशी किलोमागे १ मिली. त्याहून बरीच जास्त होत असेल तर सलाईन कमी करा. जादा पाण्यानेही सूज चढते.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शिकत असताना छातीवर जेमतेम ५ टक्के भाजलेलं एक बाळ चौथ्या दिवशी तापलं. जुलाब होते, अंगावर बारीक पुरळ होतं. जखम स्वच्छ दिसत होती. घरचे म्हणाले, दात येतायत. मी ते मान्य केलं आणि सकाळच्या राउंडची वाट पाहिली. तो टॉक्सिक शॉक होता, म्हणजे जखमेतल्या जंतूंचं विष अंगभर पसरलेलं. बाळ वाचलं, पण आयसीयूत गेल्यावर. छोट्या भाजण्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ताप, पुरळ, उलट्या-जुलाब, मरगळ यांतलं काहीही दिसलं तर जखमेच्या स्वच्छपणावर विसंबू नका. ड्रेसिंग सोडा, रात्री दोन वाजले असले तरी सीनियरना उठवा.

दोन्ही पायांवर मोज्यासारखी सरळ रेघ असलेलं भाजणं, किंवा दर वेळी बदलणारी हकीकत, यात मुद्दाम भाजल्याची शंका असते, म्हणून हेही त्याच रात्री कळवायचं. आईबापांशी वाद घालू नका. जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, वेळेसकट लिहा. एमएलसी (पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद) राहून जाता कामा नये.

कापलेला हात

रडणारं मूल ‘बोट वाकव’ म्हटल्यावर वाकवत नाही, आणि केसपेपरवर ‘तपासणीस सहकार्य नाही’ असं लिहून टाके घातले जातात. तुटलेला टेंडन (बोट हलवणारी स्नायूची दोरी) मग काही महिन्यांनी सापडतो. मुलाला आईच्या मांडीवर राहू द्या आणि लांबून हात बघा. सैल हातात बोटं ओळीने वाकलेली असतात. एकच सरळ पडलं असेल तर शंका घ्या. मनगट हलकेच मागे न्या, बोटं आपोआप मिटायला हवीत. संवेदनेची नस (नर्व्ह) तुटलेल्या बोटाला घाम येत नाही, ते शेजारच्या बोटांपेक्षा कोरडं लागतं.

भूल देतानाही वजनच. साधं लिग्नोकेन किलोमागे ३ मिलिग्रॅम. २ टक्क्यांच्या बाटलीतलं दीड मिली ही १० किलोच्या मुलाची कमाल मर्यादा. जास्त जागा बधिर करायची असेल तर पातळ करून घ्या. रक्त थांबवायला बोटाला रबर बांधलंत तर त्यावर आर्टरी फोरसेप्स (मोठा चिमटा) लावून ठेवा, म्हणजे ड्रेसिंगखाली रबर विसरणार नाही. ड्रेसिंग कोपर वाकवून कोपराच्या वरपर्यंत न्या, नाहीतर दोन वर्षांचं मूल घरी पोचायच्या आत ते ओढून काढतं.

दुभंगलेला ओठ, टाळू

इथली मोठी चूक म्हणजे ‘तीन महिन्यांनी या’ म्हणून पाठवून देणं. दहा आठवडे, दहा पौंड (साडेचार किलो), हिमोग्लोबिन दहा, हा ओठाच्या ऑपरेशनचा नियम पाठ असतो. पण ते वजन भरणार कसं, हे आईला कोणी सांगितलेलं नसतं. बाळाला उभं धरून, काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं पाजायचं, मधून मधून ढेकर काढायचा. एकदा तुमच्या समोर पाजून घ्या आणि दर आठवड्याला वजनाला बोलवा.

तिथे सासूबाई असतील तर त्यांच्यासमोरच स्पष्ट सांगा की ग्रहणात भाजी चिरल्यामुळे हे झालेलं नाही. बाळाची आई अनेक आठवडे हा दोष ऐकत आलेली असते, आणि डॉक्टरांच्या तोंडून एकदा ‘तुमची काही चूक नाही’ हे ऐकल्यावर पाजण्याबद्दलचे प्रश्न ती विचारायला लागते.