हेड खोलण्याआधी: गॅस्केट खरंच गेलंय का, हे कसं तपासावं

कूलंट सारखं कमी होतंय, घाट चढताना तापमानाचा काटा वर जातोय, असं सांगितलं की गॅरेजमध्ये बऱ्याचदा लगेच उत्तर मिळतं: हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली सील) उडालंय, हेड खोलावं लागेल. असेलही. पण हेड खोलणं खर्चाचं काम आहे, आणि त्याआधीच्या तपासण्या स्वस्त आहेत. त्या झाल्याशिवाय होकार देऊ नका.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनापासून सुरुवात करा. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट अंगावर उडतं. कूलंट खुणेपर्यंत भरा आणि आधी बाहेरची गळती शोधा: होज पाइपचे जोड, वॉटर पंपाखालचा ओघळ, रेडिएटरच्या कडा, डॅशबोर्डखाली ओलं झालेलं कार्पेट.

मग ऑईल. ऑईल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट चिकटा दिसला की लोक घाबरतात. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या वाफेनंही साठतो. डिपस्टिकवरचं ऑईलच दुधाच्या चहासारखं दिसत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर मात्र कूलंट आत गेलंय. अशी गाडी चालवू नका, बेअरिंग जातील. उलट ऑईल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट शाबूत, असंही धरू नका. कित्येकदा ते फक्त सिलिंडर आणि कूलंटची वाट यांच्यामध्येच फुटतं.

आता थंड इंजिन सुरू करून वरचा होज पाइप दाबून पाहा. कूलंट तापायच्या आतच, मिनिटा-दोन मिनिटांत तो ताठ झाला, तर ज्वलनाचा गॅस कूलंटमध्ये शिरत असल्याचा दाट संशय घ्या. कूलंटच्या टाकीतले बुडबुडेही पाहा. सुरुवातीचे अडकलेल्या हवेचे असू शकतात, न थांबणारे नाहीत.

खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट करून घ्या. टाकीतली हवा निळ्या द्रवातून खेचतात; पेट्रोल गाडीत ज्वलनाचा गॅस असेल तर द्रव पिवळा पडतो. कूलंटची पातळी आधी थोडी उतरवा, नाहीतर ते द्रवात येऊन चाचणी वाया जाते. बारीक फट काही वेळा इंजिन तापल्यावरच उघडते, म्हणून रंग बदलला नाही तर गाडी चढावर फिरवून आणा आणि पुन्हा तपासा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (यात प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतात) शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे सारखेच पडलेले असतील, तर त्यांच्यामधली गॅस्केटची अरुंद पट्टी गेली असण्याची शक्यता मोठी.

डिझेलवाल्यांनी इथे थांबून आणखी एक भाग तपासावा: ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटनं थंड करणारा भाग. तो आतून फुटला की कूलंट गायब होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, सगळी लक्षणं गॅस्केटचीच. हेडला हात लावण्याआधी तो काढून दाब देऊन तपासायला सांगा.

गॅस्केटच निघालं, तर हेड वाकलंय का ते सरळ पट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्या) तुमच्यासमोर मोजून घ्या. आणि इंजिन मुळात कशामुळे तापलं, ते शोधल्याशिवाय गाडी घेऊ नका: पंखा, थर्मोस्टॅट की वॉटर पंप. ते तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही टिकणार नाही.