अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाला अर्ज करायचा का? ठरवताना या चुका टाळा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, टेबलावर सत्र परीक्षेचे गठ्ठे पडलेले, आणि बारावीतला एखादा मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन घुटमळतो. "सर, एक रेकमेंडेशन लेटर हवं होतं." कुठलं? हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी. कधीपर्यंत? १ नोव्हेंबर. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवताना असे बरेच जण पाहिले. हुशारीत कुणी कमी नव्हतं. पण अर्ज करायचा हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ठरवलं होतं; बाकीच्यांचं ते ठरून गेलं होतं. आत्येभाऊ तिकडे आहे, क्लासमधल्या मित्राने भरलाय, बाबा म्हणाले टाकून तर बघ. पुढचं सगळं त्या ठरवण्याबद्दल आहे.

"मिळेल का?" इथून सुरुवात करणं

घरात पहिला प्रश्न हाच निघतो आणि नेमकं त्याचंच उत्तर कुणाकडे नसतं. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला गेला. साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर. हे ऐकून काही घरं तिथेच हात टेकतात, तर काही म्हणतात, लॉटरीच आहे ना, मग वीस तिकिटं काढू.

दोन्हीकडे गफलत आहे. साडेतीन टक्के ही सगळ्या गर्दीची सरासरी झाली. त्या गर्दीत खेळाडू म्हणून आधीच हेरलेली मुलं असतात, तिथल्याच माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि बहुसंख्य अमेरिकन असतात. एमआयटीत पदवीच्या वर्गात परदेशी मुलं साधारण दहा टक्के, तीही अख्ख्या जगातून मिळून. पीसीएम घेतलेला, कॉम्प्युटर सायन्स करू म्हणणारा आपला मुलगा त्यातल्या सगळ्यात लांब रांगेत उभा असतो. आणि वीस तिकिटांचं म्हणाल, तर तिकीट एकच असतं, ते वीस खिडक्यांवर दाखवायचं असतं. जी उणीव एका ठिकाणी दिसली ती बाकीच्या एकोणीस ठिकाणीही दिसणारच.

आपल्याला सवय कट-ऑफची. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅपच्या फेऱ्या, गेल्या वर्षीची यादी काढायची आणि बोट ठेवायचं. तिकडे मेरिट लिस्ट नावाचा प्रकारच नाही. बारावीचे ९५ टक्के आणि सॅट या तिकडच्या प्रवेश परीक्षेत १६०० पैकी १५५० घेऊन तुम्ही दारापर्यंत पोचता. दारात तसे हजारो उभे असतात.

म्हणून प्रश्न बदला. मिळालं तर खरंच जाता येईल का? आणि नाही मिळालं, तर या तीन-चार महिन्यांच्या बदल्यात हातात काय उरेल? या दोन्हींची उत्तरं घरी बसून एका संध्याकाळी निघतात.

पैशाचं शेवटी बघू म्हणणं

ही सगळ्यात महागडी चूक. ती दोन्ही टोकांना होते.

एका टोकाला, वेबसाइटवरचा आकडा बघून वही मिटणारे. हार्वर्डचा राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च ८६ हजार डॉलरच्या वर गेलाय, म्हणजे आपल्याकडचे जवळपास पाऊण कोटी. चार वर्षांचे तीन कोटी. कुठला पगारदार माणूस पुढे वाचेल? पण तो भाव प्रत्येकाला लागू नसतो. २०२५-२६ पासून तिथे ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत आणि मालमत्ता बेताची आहे, त्यांच्या मुलाकडून शिकवणी, राहणं, जेवण यांपैकी कशाचे पैसे घेत नाहीत. परदेशी मुलांनाही मदतीचं मोजमाप तेच. गावातल्या शिक्षकाच्या किंवा एसटी कंडक्टरच्या मुलीला, निवड झाली तर, हार्वर्ड पुण्यातल्या एखाद्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजपेक्षा स्वस्त पडू शकतं. ही गंमत फार थोड्या घरांना माहीत असते.

दुसऱ्या टोकाला, "मिळू तर दे, मग कर्ज काढू" म्हणणारे. इथे एक फरक समजून घ्यावा लागतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट, बोडिन आणि अलीकडे ब्राउन अशी मोजकी ठिकाणं परदेशी मुलाचा अर्ज वाचताना त्याने मदत मागितली आहे की नाही हे बघत नाहीत, आणि निवड झाली की गरजेइतकी मदत देतात. बाकीची बहुतेक बघतात. स्टॅनफर्ड बघतं, कोलंबिया बघतं. तिथे मदतीच्या चौकटीत खूण केली की तुमची रांग बदलते.

मग काही पालक शक्कल लढवतात: आत्ता "नको" लिहू, आत गेल्यावर मागू. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. हे त्यांच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं असतं. वाचायचं मात्र राहून जातं.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती हातात घेऊन. तेव्हासुद्धा आधी पैशाचं ठरलं, मग बोट.

तर करायचं काय? प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारा कॅल्क्युलेटर असतो. आईवडिलांना शेजारी बसवून, खरे आकडे टाकून तो भरा. फ्लॅट, दुकान, जमीन यांबद्दल विचारलं तर तेही लिहा, कारण नंतरच्या फॉर्मात ते विचारतातच. शेतकरी घरात एक वेगळीच अडचण येते: शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकराचा रिटर्नच नसतो. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सात-बारा, पासबुक, त्यांची इंग्रजी भाषांतरं आणि एका पानाचं खुलासापत्र असा संच लागतो. तलाठ्याकडच्या फेऱ्या धरल्या तर याला महिना जातो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही.

आणि अर्जाचीच फी. २०२४ मध्ये हार्वर्डची ८५ डॉलर होती, एमआयटीची ७५. दहा ठिकाणी भरलं की सत्तर हजारांच्या आसपास गेले, सॅटचे शंभरावर डॉलर वेगळे. ज्यांना हे झेपत नाही त्यांना फीमाफी मागता येते. लाज वाटून न मागणारे मी पाहिलेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फॉर्मात त्यासाठी रकानाच असतो.

लवकर अर्ज केला की चान्स वाढतो, या ऐकीव गोष्टीवर सही करणं

नोव्हेंबरमध्ये अर्ज करण्याचे दोन प्रकार आहेत आणि नावं इतकी सारखी की भलेभले फसतात. "अर्ली डिसिजन" म्हणजे बांधून घेणं: निवड झाली तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे आणि तिथेच जायचं. त्यावर मुलाची, पालकांची आणि कॉलेजची सही लागते. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, पेन, डार्टमथ यांच्याकडे हा प्रकार. "अर्ली अ‍ॅक्शन"मध्ये फक्त निकाल लवकर, डिसेंबरच्या मध्याला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इथे तो आहे, पण त्यासोबत दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकर अर्ज करता येत नाही.

लवकर भरणाऱ्यांत निवडीचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं. त्या ढिगात खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं जास्त असतात, हेही खरं. खर्चाचा कॅल्क्युलेटर न भरता अर्ली डिसिजनवर सही करणाऱ्याला नंतर दोन ठिकाणच्या मदतीची तुलना करायला वाव उरत नाही. मदत अपुरी पडली तर सुटका मिळते, पण तोवर डिसेंबर संपत आलेला असतो आणि बाकीच्या अर्जांसोबतचे निबंध आठवड्यात उरकायचे असतात.

कॅलेंडर न बघणं

१ नोव्हेंबर, १ जानेवारी, जानेवारीतच जेईई मेन, फेब्रुवारीत बारावीचे पेपर. या तारखा एका कागदावर लिहा आणि भिंतीला लावा. अर्जासोबत स्वतःबद्दलचा ६५० शब्दांचा मुख्य निबंध, वर प्रत्येक ठिकाणचे वेगळे. एकट्या हार्वर्डची पाच छोटी उत्तरं. हे नीट करायला दोन महिने रोजचा तास-दीड तास जातो. आयआयटीसाठी जीव तोडून तयारी करणाऱ्याने हे दोन महिने नेमके कुठून काढायचे? काढता येतात, पण मग निबंधाचं काम अकरावीच्या सुट्टीत सुरू व्हायला हवं. तसं झालं नसेल आणि जेईईच खरी महत्त्वाची असेल, तर अर्ज न करणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे.

कागदांचं एक वेगळंच पुराण. तिकडे नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात. आमच्या ऑफिसात "ट्रान्सक्रिप्ट द्या" म्हटलं की क्लार्क बोनाफाइड काढून, जांभळा शिक्का मारून हातात ठेवतो. त्याचा दोष नाही, त्याने तो कागद कधी पाहिलेलाच नसतो. नमुना छापून घेऊन जा, उपप्राचार्यांना दाखवा, लेटरहेडवर टाइप करून घ्या. नववीचं प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या सहीचं भाषांतर घ्या, दिवाळीची सुट्टी लागायच्या आत.

आणि शिफारसपत्रं. एमआयटीला एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं लागतं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या. क्लासच्या टाय-अपवाल्या कॉलेजात नुसती हजेरी लागणाऱ्या मुलाला ओळखणार कोण? मी त्याला पाहिलेलं असतं दोनदा, तेही प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही करताना. "हा हुशार आणि आज्ञाधारक आहे" असं पत्र मी देऊ शकतो, त्याचा उपयोग शून्य. ज्यांना तुम्ही नीट ठाऊक आहात असे दोन शिक्षक आठवत नसतील, तर ते अर्ज न करण्याचं एक सबळ कारण समजा.

घरातलं खरं काम लपवून बाहेरची सर्टिफिकेटं लावणं

निफाडकडची एक मुलगी होती. घरचा उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असायचा, एप्रिल-मेपासून थेट दिवाळीपर्यंत. कुठल्या कप्प्यात आधी सड लागते, पाऊस पडल्यावर किती दिवसांनी वास येतो, मधला ढीग उपसल्यावर किती पाट्या टाकून द्याव्या लागल्या, हे ती दर रविवारी एका शंभर पानी वहीत लिहायची. तीन हंगाम. वडील त्या वहीवरून कुठला कप्पा आधी विकायचा ते ठरवायचे.

तिच्या अर्जाच्या मसुद्यात यातलं काहीही नव्हतं. होतं काय? एका दिवसाचं स्वच्छता अभियान, ऑनलाइन लीडरशिप कोर्स, आणि कन्सल्टंटने पैसे घेऊन छापून दिलेला "रिसर्च पेपर", ज्याच्या विषयाचं नाव तिला धड सांगता येईना. "सर, कांद्याचं काय लिहायचं? ते घरचं काम आहे."

कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच विद्यापीठांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन फॉर्ममध्ये, उपक्रमांच्या दहा जागा असतात आणि त्यांत घरच्या जबाबदाऱ्यांसाठी चक्क स्वतंत्र प्रकार आहे. ती वही हेच तिचं सगळ्यात भक्कम भांडवल होतं. पेपर काढून टाकायला लावला. कन्सल्टंट चिडला, पण त्याने तिच्या वडिलांना आधीच "गॅरंटी" देऊन ठेवली होती, तेव्हा त्याच्या चिडण्याला फार किंमत द्यावी असं मला वाटलं नाही. या विद्यापीठांची गॅरंटी देणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा खोटारडा.

अर्ज करायचा की नाही हे ठरवायला हीच कसोटी वापरून बघा. तुम्ही कुणी न सांगता वर्षानुवर्षं करत आलात असं एक तरी काम आहे का? असेल तर लिहायला काहीतरी आहे. नसेल, तर अकरावीच्या मे महिन्यात ते विकत आणता येत नाही.

गाडं आधीच अडलं असेल तर

सॅट दिलेली नाही? यादी पुन्हा तपासा. कोविडमध्ये बऱ्याच ठिकाणी ती ऐच्छिक झाली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत सक्तीची केली, २०२४ मध्ये हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ आणि कॅलटेकनेही परीक्षेची अट परत आणली. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

घरात एकमत नाही? दोनच ठिकाणं निवडा, परवडतील आणि मनापासून जावंसं वाटेल अशी. बाकीचे फॉर्म बंद.

लवकर केलेल्या अर्जाला डिसेंबरमध्ये "पुढे ढकललं", म्हणजे निर्णय नंतरच्या फेरीत, असं उत्तर आलं? नवीन काही घडलं असेल तर एक छोटं पत्र पाठवा. ट्रॉफीचे फोटो नकोत. वेटलिस्ट आली तर तो प्रवेश समजू नका. मेपर्यंत दुसरीकडची जागा पक्की करा. तिकडची वाट बघताना सीईटी आणि आयसरच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म राहून गेलेली मुलं दरवर्षी भेटतात.

प्रवेश मिळाला तरी व्हिसाची गाठ आहेच. २०२५ च्या मे-जूनमध्ये अमेरिकन दूतावासांनी विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं काही आठवडे थांबवलं होतं आणि आपल्याकडची बरीच घरं बॅगा भरून बसली होती. भारतातली एक जागा तोवर सोडू नका.

राहता राहिला निकालाचा दिवस. एमआयटी आपला निकाल सहसा १४ मार्चला, पाय डेच्या दिवशी (गणितातल्या पायच्या ३.१४ वरून), तिकडच्या संध्याकाळी ६:२८ ला लावते. आपल्याकडे तेव्हा १५ मार्चची पहाट असते, ३:५८. बारावीची परीक्षा तेव्हा संपलेली नसते. त्या दिवशी अकराचा पेपर असेल तर फोन आईकडे द्या आणि झोपा. पेपर देऊन आल्यावर, जेवून, मग पोर्टल उघडा.