मुंबई हायवर पहिल्यांदा निघालात? सिनेमे आणि पुस्तकं अशी भरा

नोकरी मुंबईची म्हणून जळगाव-सांगलीहून आलात आणि ड्यूटी लागली मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत. खोली, डबा, लोकलचा पास यांची माहिती कुणीही देईल. बारा तासांच्या शिफ्टनंतर तिथे काय करायचं, त्याची तयारी मात्र जुहूहून हेलिकॉप्टर उडायच्या आधीच करावी लागते.

14 दिवस ऑन, 14 दिवस ऑफ हे नेहमीचं चक्र; कंत्राटी कंपनीत ते याहून लांबही असतं. पावसाळ्यात उड्डाण रद्द झालं की बदली, म्हणजे तुमच्या जागी दुसरा येणं, पुढे ढकलली जाते. म्हणून शिदोरी 18 दिवसांची धरा.

नवे लोक हमखास फसतात ते सिनेमांत. डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं, असं नसतं. नेटफ्लिक्सवरचे काही सिनेमे सात दिवसांत बंद पडतात, काही एकदा सुरू केल्यावर 48 तासांत. प्राइमवर सुरू करायला साधारण 30 दिवस मिळतात, पण एकदा प्ले दाबलं की तिथेही बहुतेकदा 48 तासच. म्हणजे आठव्या दिवशी यादी भरलेली दिसते आणि त्यातले बरेच चालत नाहीत. उपाय सोपा आहे: मुदत कमी असलेले आधी बघा, लांब मुदतीचे दुसऱ्या आठवड्याला ठेवा. निघायच्या आदल्या रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकून यादी उघडते का ते तपासा, पण प्रत्येक सिनेमा ‘जरा चालवून’ बघू नका. तेवढ्यानेच 48 तासांचं घड्याळ सुरू होतं. एखादाच चालवा. आणि त्या रात्री अ‍ॅपमधून लॉगआउट करू नका, डाउनलोड पुसले जाऊ शकतात.

स्वतःच्या फाइली पेनड्राइव्हवर नेणार असाल तर दोन अडचणी येतात. एफएटी32 फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट केलं तर तिथला टीव्ही जुना असल्यास ते वाचत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर बहुधा डीटीएस ऑडिओ असतो आणि टीव्हीला तो झेपत नाही. तीच फाइल लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकटच्या प्लेअरमध्ये लावा. सबटायटलची फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसतील. तिचं नाव सिनेमाच्या फाइलीसारखंच ठेवा. सबटायटल लागतातच, कारण सोबत मल्याळी, पंजाबी, बिहारी सगळे असतात. क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी टीव्हीची आशा सोडा.

मुदत नसते ती छापील पुस्तकाला, म्हणून दोन-तीन तरी न्याच. दादर पश्चिमेला छबिलदास गल्लीत आयडियल हे पुस्तकांचं दुकान आहे, शिवाजी मंदिर नाट्यगृहात मॅजेस्टिक. इंग्रजी जुनी पुस्तकं हवी असतील तर फोर्टातल्या फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ, तिथे घासाघीस चालते. आमच्या मते पहिल्या फेरीला जाड कादंबरीपेक्षा दिवाळी अंक बरा. बारा तास राबून आल्यावर दहा-बारा पानांची कथा पुरी होते, कादंबरीत मात्र रोज तीच दोन पानं परत वाचली जातात. जुने अंक रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळतात. वाचनालयाचं पुस्तक नेऊ नका. बदली लांबली तर दंड भरत बसाल, आणि चढउतारात ते भिजलंच तर आणखी वेगळं. आपलीही पुस्तकं झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

सामानाला वजनाची मर्यादा असते, ती आणि पॉवरबँक चालते की नाही हे कंपनीला आधीच विचारा. वजनाची चिंता असेल तर ई-रीडर घ्या. ई साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं फुकट मिळतात. सहा इंची पडद्यावर पीडीएफची अक्षरं बारीक दिसतात, म्हणून पडदा आडवा करून वाचा. अक्षरं मोठी करता येणारी ईपब फाइल मिळाली तर तीच घ्या.

फोन फक्त राहण्याच्या भागात वापरायचा. बाहेर डेकवर गॅसचा धोका असतो आणि साधा फोन तिथे वापरायला मनाई असते. खोलीत दुसरा नाइट शिफ्ट करून झोपलेला असतो, तेव्हा दिव्याऐवजी क्लिपवाला छोटा लॅम्प लावा आणि इअरफोन न्या. पण एकाच कानात घाला. नॉइज कॅन्सलिंग तर नकोच, मस्टरचा, म्हणजे आणीबाणीत सगळ्यांना एका जागी बोलावणारा अलार्म ऐकू यायला हवा.