हिवाळ्यात उघड्यावर झोपण्याची तयारी: यादी जमिनीपासून सुरू करावी

हिवाळ्यात उघड्यावर मुक्काम ठरला की बहुतेकांची यादी स्लीपिंग बॅगेपासून सुरू होते. माझी मॅटपासून सुरू होते. अंगाखालचा बॅगेचा भाग आपल्याच वजनाने चेपला जातो, त्यातली हवा निघून जाते, आणि हवेशिवाय कोणतेही भरण ऊब धरू शकत नाही. मग जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. म्हणून मॅट घेताना तिच्यावर छापलेला आर-अंक आधी पाहावा. तो जितका मोठा, तितकी मॅट उष्णतेला अधिक अडवते. साध्या फोमच्या मॅटचा आर-अंक २ च्या आसपास असतो, तर बर्फावर किंवा गोठलेल्या जमिनीवर झोपायचे असल्यास तो ५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असावा. दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या अंकांची बेरीज होते. खाली फोमची आणि वर हवा भरायची, ही जोडी मी मोडत नाही, कारण हवेची मॅट मध्यरात्री बसली तरी उरलेली रात्र फोमवर कशीबशी निभावते.

त्यानंतर बॅग. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी तीन तापमाने छापलेली असतात. त्यांतले एक्स्ट्रीम म्हणजे झोप लागण्याचे तापमान नव्हे. तिथे शरीर धोकादायकरीत्या गार पडण्याची शक्यता गृहीतच धरलेली असते. थंडी लवकर बाधणाऱ्याने केवळ कम्फर्टचा आकडा पाहावा आणि तोही अपेक्षित किमान तापमानापेक्षा काही अंशांनी खालचा निवडावा. हवामानाचा अंदाज पायथ्याच्या वस्तीसाठी असेल आणि मुक्काम त्याहून हजार मीटर वर असेल, तर सर्वसाधारणपणे सहा ते साडेसहा अंश वजा करूनच हिशेब मांडावा. पिसांची बॅग वजनाला हलकी आणि उबदार असते, पण भिजली की तिची पिसे गोळा होतात आणि ऊब जाते. कृत्रिम तंतूंची बॅग जड असली तरी ओलीतही थोडीफार साथ देते.

कपड्यांबाबत एकच नियम कटाक्षाने पाळावा, तो म्हणजे दिवसभर घातलेले कपडे घालून झोपू नये. ते कोरडे वाटले तरी त्यांत घाम मुरलेला असतो, आणि पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. झोपण्यासाठी लोकरीचा किंवा थर्मलचा एक जोड, सैल पायमोजे आणि कानटोपी वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवावी आणि ती पिशवी संध्याकाळपर्यंत उघडू नये. सुती कपडे या पिशवीत नकोतच. पायमोजे घट्ट असतील तर रक्तप्रवाह अडतो आणि बोटे आणखीच गारठतात.

गरम पाण्याची बाटली मी यादीत ठळक अक्षरांत लिहितो. बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही, आपली उष्णता फक्त राखून ठेवते. त्यामुळे हुडहुडी भरल्यावर आत शिरले की तासभर काहीच होत नाही. झोपण्यापूर्वी उकळते पाणी सोसणारी, घट्ट झाकणाची बाटली भरून पायमोज्यात घालावी आणि मांड्यांच्या मध्ये ठेवावी. झाकण लावल्यावर बाटली उलटी करून, हलवून, आट्यांवरून कोरडे बोट फिरवून पाहावे. एकदा हे बोट फिरवायचे राहिले आणि गुडघ्यापर्यंत ओल्या बॅगेत मी पहाटेची वाट पाहत बसलो होतो.

पाणी तापवायच्या शेगडीचाही विचार हवा. ब्युटेन शून्य अंशाच्या किंचित खाली वायुरूप होणे थांबवतो, म्हणून थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा. शेगडी किंवा निखारे तंबूत ऊब म्हणून ठेवणे मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. मद्याने अंग तापल्यासारखे वाटते, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने शरीरातली उष्णता उलट लवकर बाहेर पडते.

जागा उजेड असतानाच निवडावी. गार हवा जड असते आणि ती दरीच्या तळाशी साचते, त्यामुळे ओढ्याकाठच्या सपाटीपेक्षा थोडी वरची, वाऱ्याच्या आडोशाची जागा बरी. तंबूच्या वरच्या झडपा थंडी वाजते म्हणून बंद करू नयेत, नाहीतर श्वासातली वाफ कापडावर गोठते आणि पहाटे अंगावर ठिबकते. त्याच कारणाने तोंड बॅगेत खुपसून झोपू नये. नाक-तोंड बाहेर ठेवून बाकी चेहऱ्याभोवती बॅगेची दोरी आवळावी. झोपण्यापूर्वी पोटभर, स्निग्ध पदार्थ असलेले जेवावे आणि लघवीला जाऊन यावे. विजेरी आणि फोन बॅगेत जवळ घ्यावेत, कारण थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात. पिण्याच्या पाण्याची बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडचे तोंड मोकळे राहते.

सोबत्यावरही लक्ष असावे. थरथरता माणूस एकाएकी शांत झाला, त्याची जीभ जड झाली किंवा त्याला साधी गाठ मारता येईनाशी झाली, तर त्याला झोप आली असे समजू नये. त्याला कोरड्या कपड्यांत गुंडाळून मदत मागवावी. मुक्काम दोन रात्रींचा असेल, तर सकाळी निघण्याची घाई न करता बॅग उलटी करून उन्हात पसरावी आणि हाताला दमटपणा लागेनासा झाल्यावरच गुंडाळावी.