गाडी ओढत नाही, पाइप लाल होतो: या चुका टाळा

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आमच्या २००१च्या पेट्रोल गाडीने दम टाकला. एक्सलेटर तळाला टेकवला तरी चाल बैलगाडीची. अंधार पडलेला. मोठ्या भावाने वाकून खाली पाहिलं तर इंजिनामागचा कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, निखाऱ्यासारखा लाल. "गाडी वढस नही रे," एवढंच तो बोलला. दोन महिने आम्ही ज्या चुका केल्या, त्यांचा हिशोब त्या रात्री झाला.

पहिली चूक, सगळं उन्हावर ढकलणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास असतो, गाडीही थोडी जड चालते. पण लोखंड अंधारात लाल दिसायला साधारण ५०० अंशांच्या पुढे तापावं लागतं. ते काम उन्हाचं नव्हे. आणि दिवसा हा लालपणा दिसतही नाही, म्हणून तपासणी संध्याकाळी करा.

दुसरी चूक खिशाला लागली: क्लच प्लेट बदलली. फरक सोपा होता. क्लच घसरत असेल तर इंजिन जोरात फिरतं आणि गाडी मागे राहते. आमचं इंजिनच फिरायला तयार नव्हतं. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून?

वाट तुंबली आहे का, हे व्हॅक्यूम गेजवर कळतं. गेज इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, लावा. गरम, धडधाकट इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. मग २५०० आरपीएमवर धरून ठेवा. काटा स्थिर न राहता हळूहळू खाली उतरत गेला तर धुराच्या वाटेत कुठेतरी बूच बसलंय. गेज नसेल तर गाडी थंड झाल्यावर कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून मोकळ्या जागी इंजिन रेझ करून बघा. आवाज कानठळ्या बसवेल, पण इंजिन मोकळं फिरलं तर वाट तुंबलीय हे नक्की. जुन्या गाड्यांत सायलेन्सरच्या आतली जाळीही सुटून आडवी बसते, तीही बघून घ्या.

आता सगळ्यात महागडी चूक. कन्व्हर्टर तुंबला म्हणून नवा बसवायचा आणि निघायचं. कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो; त्याला कुणीतरी मारतं. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नसेल, तर त्याचं न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली चिनीमातीची जाळी वितळते आणि वाट बंद होते. मिसिंग तसंच राहिलं तर नव्याचीही तीच गत. म्हणूनच प्लगची वायर उपटून "कोणता सिलिंडर मेलाय" बघण्याची सवय वाईट. बघायचंच असेल तर दोन-चार सेकंद, त्यापुढे नको. त्याहून बरं म्हणजे थंड इंजिन चालू करून अर्ध्या मिनिटाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या, प्रत्येक नळीवर पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. ज्या नळीवर तो चर्र करत नाही, तो सिलिंडर झोपलाय. लाल झालेल्या पाइपवर मात्र पाणी ओतू नका, मॅनिफोल्ड तडकतो.

मिसिंग नसेल तर टायमिंगकडे वळा. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल पाइपात पोचेपर्यंत जळत राहतं आणि मॅनिफोल्ड तापतो. नुकताच टायमिंग बेल्ट बदलला असेल तर दात एक घर चुकलाय का, हे आधी बघा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या) गाडीत व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, म्हणजे ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची, रबरी नळी चिरलेली सापडते. गॅस किट असेल तर एकदा पेट्रोलवर चालवून फरक बघा.

कन्व्हर्टर काढून सरळ पाइप जोडायचा सल्ला आम्हालाही मिळाला. पीयूसी लटकतं ते वेगळंच. मिसिंग तसंच राहतं, फक्त दिसेनासं होतं.

घाटात थांबलो तेव्हा गाडी वाळल्या गवतावर होती. भाऊ ओरडला म्हणून पुढे डांबरावर ढकलली. लाल पाइपखाली गवत किंवा कडबा असला की पेट घ्यायला वेळ लागत नाही.

आमच्या गाडीचा आजार शेवटी घरी, रात्री अंगणातला दिवा मालवून बॉनेट उघडल्यावर सापडला. दोन नंबरची प्लग वायर पत्र्याच्या पट्टीला घासून चिरली होती आणि तिथून निळी ठिणगी पट्टीवर उडत होती, टिक-टिक, टिक-टिक. वायरचा सेट आधी बदलला, कन्व्हर्टर नंतर.